लाइट जाऊन आली की टॉरेंट मुकं होतं: डॉकर, ग्लूटन, क्यूबिटटॉरेंट

केळी_आणि_कीबोर्ड (यावल तालुका), रविवार, रात्री 11:20

राम राम मंडळी.

आधी परिस्थिती सांगतो, नाहीतर पहिलंच उत्तर "रीस्टार्ट करून बघा" असं येईल. रीस्टार्ट केलं की चालतं. घोळ तिथंच आहे.

गावात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. पुढे झेरॉक्स, मागे दहा मशीन, बाकीचा वेळ केळी. मशीनं सगळी सेकंडहँड. विंडोज त्यांच्यावर रडत चालतं, म्हणून सगळीकडे लिनक्स मिंट टाकलंय. दर बॅचला दोन-चार पोरं स्वतःचे जुने लॅपटॉप घेऊन येतात, "सर, याच्यावर पण टाका ना" म्हणून. शिवाय पाल गावाच्या पुढे पाड्यांवर दोन शाळा आहेत, तिथं मोबाइलला रेंज लागली तर लोक एकमेकांना सांगतात. तिथल्या मास्तरांना मी किविक्स टाकून देतो, म्हणजे नेटशिवाय मराठी विकिपीडिया. तर आयएसओ (लिनक्स टाकायच्या फायली) आणि किविक्सच्या झिम फायली मी टॉरेंटने, म्हणजे लोकांच्या मशीनवरून तुकड्यातुकड्यानं, उतरवतो आणि नंतर सीड करत, म्हणजे दुसऱ्यांना देत ठेवतो. आपण घेतलं तर आपणही द्यावं, एवढं साधं गणित आहे.

यासाठी एक जुनं डेल ऑप्टिप्लेक्स आहे, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, डेबियन 12. ते क्लासच्या कोपऱ्यात टेबलाखाली असतं.

टॉरेंट मी व्हीपीएनमधून चालवतो, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरपर्यंतच्या बंद बोगद्यातून. व्हीपीएन कशाला, हे कुणीतरी विचारेलच. गावात फायबर आहे, पण साध्या लाइनवर डेबियनचा टॉरेंट चाळीस-पन्नास केबीवर रांगतो आणि तीच फाइल ब्राउझरमधून पाच एमबीने येते. टॉरेंट दिसला की कुठंतरी कुणीतरी कॉक आवळतंय. व्हीपीएनमधून गेलं की तोच टॉरेंट तीन-चार एमबीने येतो. दुसरं म्हणजे, टॉरेंटच्या गर्दीत जो तो दुसऱ्याचा आयपी (नेटवरचा पत्ता) पाहतो, आणि माझ्या त्याच लाइनवर पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरले जातात.

आधी मी येड्यासारखं केलं होतं. वायरगार्ड (व्हीपीएन जोडणारा प्रोटोकॉल) थेट मशीनवर चालू केला आणि टॉरेंट आपला डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला वेगळा डबा (कंटेनर) देणाऱ्या सोयीत. एकदा लाइट गेली, मशीन परत उठलं, वायरगार्ड काही उठला नाही, आणि टॉरेंट पठ्ठ्या नागड्या लाइनवर बारा दिवस चालला. मला पत्ता नाही. टॉरेंट कुठल्या आयपीवरून बाहेर पडतो हे दाखवणारी एक मॅग्नेट लिंक मिळते, ती टाकली तर सिंगापूर दिसायच्या जागी आपला जळगाव जिल्हा दिसला.

मग दिवाळीत भाचा आला पुण्याहून. त्यानं फराळाच्या ताटावर बसूनच सगळं बदललं. आता ग्लूटन नावाचा कंटेनर व्हीपीएनला जोडतो आणि क्यूबिटटॉरेंटचा (टॉरेंट उतरवणारा प्रोग्रॅम) कंटेनर त्याच्याच नेटवर्कात बसतो. व्हीपीएन पडला की टॉरेंटही आपोआप थांबतो, दुसरा रस्ताच नाही. म्हणाला, "मामा, ठिबकसारखं समजा. मेन लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला तर नळीतून पाणी येईल का?" मला पटलं. आणि खरंच, पाच महिने एक थेंब गळला नाही.

अडचण अशी. लाइट दीड-दोन तास गेली तर इन्व्हर्टर धकवून नेतो, काही बिघडत नाही. पण चार-पाच तास गेली, की इन्व्हर्टर धाप टाकतो, मशीन बंद पडतं, आणि लाइट आल्यावर उठतं तेव्हा क्यूबिटचं पान उघडत नाही. एवढंच नाही, क्लासचं सगळं नेट बंद. पोरं बोंबलतात, "सर, नेट गेलं." राउटरवर मात्र हिरवा दिवा. मी स्वतः मशीन मुद्दाम बंद करून परत चालू केलं तर सगळं सुरळीत उठतं. पंधरा वेळा करून पाहिलं. फक्त लाइट जाऊन आली कीच हे नाटक.

मग भाच्याला फोन. तो काय काय टाइप करायला सांगतो, मी करतो, चालू होतं. पण तो फोन उचलतो फक्त रविवारी, आणि आमच्याकडे लाइट जायला वार लागत नाही. परवा रात्री दोन वाजता शेतात होतो, शेतीच्या फीडरला थ्री-फेज रात्रीची होती, आणि तिथून मोबाइलवर पाहतो तर परत मुकं. दीपनगरच्या वीज केंद्राची धुराडी आमच्या भुसावळच्या पाहुण्यांच्या गच्चीवरून दिसतात, आणि आम्ही अंधारात बसतो, पण ते जाऊ द्या.

कुणाला काही अंदाज?

---

नंदुरबार_नाका, रविवार, रात्री 11:41

लिनक्सच उतरवता ना काका? सगळे लिनक्सच उतरवतात हो.

---

केळी_आणि_कीबोर्ड, रविवार, रात्री 11:48

या की क्लासवर, हार्डडिस्क उघडून दाखवतो. चहा पण पाजतो. सध्या मिंट, डेबियन, लिब्रे ऑफिस आणि तीन झिम फायली आहेत. सिनेमा पाहायला मला झोप कुठं पुरते.

---

नंदुरबार_नाका, रविवार, रात्री 11:55

गंमत केली, रागवू नका. पण हा धागा उद्या दुसरा कुणी वाचेल म्हणून लिहून ठेवतो. व्हीपीएन वापरणं आपल्याकडे गुन्हा नाही. पण चोरीचा सिनेमा व्हीपीएनमधून आणला तरी तो चोरीचाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63 काढून वाचा, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. आणि "भारतातला सर्व्हर का दिसत नाही" असं विचारणाऱ्यांसाठी: 2022 च्या एप्रिलमध्ये सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेश काढला, व्हीपीएनवाल्यांनी गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं ठेवायची. त्यावर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी आपले इथले सर्व्हरच उचलले. म्हणून काकांचं टॉरेंट सिंगापूरहून निघतं.

मूळ प्रश्नात मला गती नाही. तापीकाठच्या ताई येतील, त्यांना कळेल.

---

धुळ्याचा_फिटर, सोमवार, सकाळी 7:15

भो, मला तर हा एमटीयूचा (एका पाकिटाच्या कमाल मापाचा) लोचा वाटतो. फायबरवर पीपीपीओई (लॉगिन करून जोडायची पद्धत) असेल तर लाइनचा एमटीयू 1492, वायरगार्डचं ओझं 60 ते 80 बाइटचं. आकडा जास्त ठेवला की छोटी पाकिटं जातात, मोठी अडकतात. जोडलेलं दिसतं पण पानं उघडत नाहीत. ग्लूटनला वायरगार्ड एमटीयू 1320 देऊन पाहा. माझं धुळ्यात याच्यावरच सुटलं होतं.

---

तापीकाठची (भुसावळ), सोमवार, दुपारी 1:30

फिटरदादा, एमटीयू चुकला असता तर तो रोजच चुकला असता. काकांनी मशीन हातानं बंद-चालू केलं तर चालतंय. आकडा लाइट जाण्याची वाट पाहत बसत नाही.

काका, तुमच्याकडे मला दोन वेगळे आजार दिसतात आणि ते एकाच वेळी अंगात येतात, म्हणून तुम्हाला एकच वाटतोय. पहिला मला नक्की कळतो. दुसऱ्यासाठी तुम्हाला थोडं काम करावं लागेल.

पहिला असा. डॉकरमध्ये प्रत्येक कंटेनरला आपलं स्वतःचं नेटवर्क असतं. तुमच्या क्यूबिटला ते नाही, कारण कंपोझ फाइलमध्ये (कंटेनरांची मांडणी लिहिलेली फाइल) त्याच्या नेटवर्क मोडपुढे 'सर्व्हिस, ग्लूटन' असं लिहिलंय. म्हणजे तो ग्लूटनच्या घरात पोटभाडेकरू आहे. त्याचा 8080 पोर्टसुद्धा (त्याचं पान उघडायचं दार) ग्लूटनच्या नावावर उघडावा लागतो. क्यूबिटच्या नावावर उघडायला गेलात तर डॉकर भांडतो. आता गंमत बघा. ग्लूटनचा कंटेनर बंद होऊन परत चालू झाला की त्याचं घर नवीन बांधलं जातं. भाडेकरू मात्र जुन्या, पाडलेल्या घराची किल्ली घेऊन बसलेला असतो. कंटेनर चालू दिसतो, आत नेटवर्क काहीच नाही.

आणि मशीन बूट होताना आणखी एक भानगड होते. 'डिपेंड्स ऑन' (कोण कुणाच्या नंतर उठेल) हा क्रम फक्त कंपोझची 'अप' आज्ञा पाळते. लाइट आल्यावर कंटेनर उठवतो तो डॉकरचा डीमन (मागं सतत चालणारा प्रोग्रॅम), त्याला तुमच्या कंपोझ फाइलशी देणंघेणं नसतं. क्यूबिट आधी उठला, ग्लूटनचं घर अजून उभंच नाही, तर तो 'एक्झिटेड 128' म्हणून पडतो आणि पडूनच राहतो. कधी क्रम बरोबर लागतो, कधी नाही. तुमच्या पंधरा प्रयोगांत तो नशिबानं लागला असेल.

पण यानं फक्त टॉरेंट बंद पडायला हवा. क्लासचं नेट का पडतं? ते कोडं वेगळं आहे. परत बंद पडलं की भाच्याला फोन करायच्या आधी हे पाहा:

क्लासच्या मशीनवरून 1.1.1.1 ला पिंग (पोचतं का बघायची हाक) जातो का, आणि एखाद्या साइटच्या नावाला जातो का, दोन्ही वेगवेगळे. मग ग्लूटनच्या लॉगच्या शेवटच्या पन्नास ओळी. आणि भाचा फोनवर नेमकं काय टाइप करायला सांगतो ते कागदावर लिहून ठेवा. ते सगळ्यात महत्त्वाचं.

---

केळी_आणि_कीबोर्ड, बुधवार, रात्री 9:05

ताई, वाट पाहावी लागली नाही. मंगळवारी संध्याकाळी वादळ झालं, आमच्या शिवारात दोन ठिकाणी तार तुटली, केळीचे घड लागलेले खांब आडवे झाले. लाइट रात्री साडेआठला गेली ती सकाळी सहाला आली. मी आधी शेतात गेलो, मग क्लासवर. तुमचा कागद खिशात होता.

1.1.1.1 ला पिंग जातो. नावाला जात नाही. म्हणजे नेट गेलेलंच नाही, नावं कळत नाहीत. मग आठवलं, भाच्यानं दिवाळीत क्लासच्या सगळ्या मशीनचा डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणारा) या ऑप्टिप्लेक्सवर वळवला होता. ग्लूटनच्या आतच डीएनएस आहे म्हणे, जाहिराती अडवतो, आणि पोरांच्या स्क्रीनवर नको ते येत नाही. ऑप्टिप्लेक्सचा स्वतःचा डीएनएसपण तोच.

क्यूबिट तुम्ही म्हणाल्या तसाच, एक्झिटेड 128. त्या आकड्याला हात जोडले.

ग्लूटन चालू आहे, पण 'अनहेल्दी'. लॉगमध्ये तेच तेच फिरतंय: वायरगार्ड लागला, मग आय-ओ टाइमआउट, मग व्हीपीएन परत चालू करतोय, परत टाइमआउट. एक ओळ मला आवडली. त्यात तो स्वतःच सांगतो की वायरगार्ड हा गप्प राहणारा प्रोटोकॉल आहे, चालेल किंवा चालणार नाही, चूक काय ते सांगणार नाही. आमच्या घरातल्या थोरल्या काकांसारखा.

आणि एक विचित्र गोष्ट. महत्त्वाची आहे की नाही माहीत नाही. लॉगच्या ओळींपुढे तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे. मला वाटलं जुना लॉग उघडला, म्हणून परत उघडला. तीच.

भाच्यानं सकाळी आश्चर्य म्हणजे फोन उचलला. त्यानं टाइप करायला लावलं ते कागदावर आहे: आधी 'सुडो डेट' आणि पुढे आजची तारीख नि वेळ, मग 'डॉकर कंपोझ अप' आणि त्याला 'फोर्स रीक्रिएट' लावलेलं. खरं सांगतो, इतके दिवस मला वाटायचं तो आजची तारीख कुठल्या फाइलचं नाव म्हणून देतोय.

---

तापीकाठची, बुधवार, रात्री 9:40

काका! ती विचित्र गोष्टच तर उत्तर आहे.

तुमच्या मशीनच्या बोर्डवर एक गोल सेल असतो, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायला. तो मेलाय. तुम्ही हातानं मशीन बंद करता तेव्हा पिन बोर्डात असते, पॉवर सप्लायमधून थोडा करंट बोर्डला मिळत राहतो, घड्याळ चालू राहतं. म्हणून तुमचे पंधरा प्रयोग पास. लाइट आणि इन्व्हर्टर दोन्ही गेले की घड्याळ मरतं, आणि मशीन उठतं ते दोन वर्षं मागं.

आता याचा वायरगार्डशी काय संबंध? वायरगार्ड हात मिळवताना पहिल्या पाकिटात वेळ घालून पाठवतो. सर्व्हर तुमच्या किल्लीपुढे (तुमची व्हीपीएनवरची ओळख) शेवटची वेळ लिहून ठेवतो आणि त्याच्या आधीची वेळ घेऊन कुणी आलं तर त्याला दारात उभं करत नाही. कुणी जुनं पाकीट पकडून परत पाठवू नये म्हणून ही सोय आहे, आणि चांगली आहे. पण तुम्ही काल रात्री बोललात आणि आज सकाळी दोन वर्षं जुनी वेळ घेऊन दार ठोठावताय. तो तुम्हाला चोर समजतो. आणि नकारही देत नाही, पाकीट नुसतं टाकून देतो. म्हणून लॉगमध्ये फक्त टाइमआउट. कंटेनरला स्वतःचं घड्याळ नसतं, मशीनचं चुकलं की आतल्या सगळ्यांचं चुकतं.

तुम्ही म्हणाल, डेबियन नेटवरून वेळ लावून घेतं की. घेतं. पण त्याला वेळेच्या सर्व्हरचं नाव विचारावं लागतं, आणि नाव सांगणारा डीएनएस बसलाय ग्लूटनच्या आत. ग्लूटनला व्हीपीएन हवा, व्हीपीएनला बरोबर वेळ हवी, वेळेला डीएनएस हवा, डीएनएसला ग्लूटन. किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून.

भाचा हुशार आहे, त्याला हे कळलेलं आहे. फक्त तुम्हाला सांगायला त्याला वेळ नाही.

करायचं काय ते सांगते. सेल बदला, सीआर 2032, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. सपाट बाजू, जिच्यावर अधिकचं चिन्ह असतं, ती वर. सेल बदलल्यावर एकदा बायोसमध्ये जाऊन तारीख लावा. पण सेलवर विसंबू नका, तो परत मरेल. ऑप्टिप्लेक्सचा स्वतःचा डीएनएस ग्लूटनमधून काढून राउटरवर किंवा 1.1.1.1 या सार्वजनिक डीएनएसवर ठेवा. क्लासच्या मशीनचा राहू दे आहे तिथंच, पोरांच्या स्क्रीनवर नको ते यायला नको. मशीनचा स्वतःचा डीएनएस व्हीपीएनच्या बोगद्याबाहेर असल्यानं टॉरेंट काही गळत नाही, क्यूबिट ग्लूटनच्याच डीएनएसला विचारतो.

मग क्रम. कंपोझमध्ये क्यूबिटच्या 'डिपेंड्स ऑन'खाली ग्लूटन, आणि अट 'सर्व्हिस हेल्दी'. त्याच्याच खाली 'रीस्टार्ट: ट्रू' टाकलंत तर कंपोझमधून ग्लूटन नव्यानं चालू केल्यावर क्यूबिटही मागोमाग चालू होतो. पण बूटच्या वेळी हे कामाचं नाही, ते आधी सांगितलंच. त्यासाठी रूटच्या क्रॉनटॅबमध्ये (आपोआप चालवायच्या आज्ञांची यादी) '@रीबूट'ची एक ओळ: दोन मिनिटं थांब आणि मग भाचा सांगतो तीच 'फोर्स रीक्रिएट'वाली आज्ञा, फाइलच्या पूर्ण पत्त्यासह. राउटर आणि चौकातला फायबरचा डबा उठायला वेळ घेतात, म्हणून दोन मिनिटं. तुमच्याकडचा डबा आळशी असेल तर पाच ठेवा.

शेवटचं. क्यूबिटच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये नेटवर्क इंटरफेस म्हणून 'टन झिरो' (ग्लूटनचा व्हीपीएन बोगदा) निवडा. ग्लूटनचं कुलूप आहेच, पण उद्या भाच्यानं परत फराळ खात काही बदललं तर हे दुसरं कुलूप राहील.

---

धुळ्याचा_फिटर, बुधवार, रात्री 10:02

ताई, माझी टोपी काढून ठेवली. तीस रुपयांचा सेल आणि मी 1492 मधून 80 वजा करत बसलो.

---

केळी_आणि_कीबोर्ड, शनिवार, दुपारी 4:10

हिशोब देतो.

काल यावलला पंचनाम्याचे कागद द्यायला गेलो, तिथल्या घड्याळवाल्याकडून सेल घेतला. दोन घेतले. आज क्लासला सुट्टी होती, ऑप्टिप्लेक्स टेबलाखालून काढलं, बाजूचं झाकण उघडलं. आत इतकी धूळ की फॅनचे पाते मोजता येईनात, आणि पॉवर सप्लायच्या मागं पालीची दोन अंडी. मोटरच्या स्टार्टरपेटीतला मल्टिमीटर आणला होता. जुना सेल 0.9 व्होल्ट. नवा 3.2. ते आकडे बघून जो आनंद झाला तो पोरगं पास झाल्यावर पण झाला नव्हता. (पोरगं हे वाचत नाही.)

ब्लोअरनं धूळ उडवली, सेल लावला, बायोसमध्ये तारीख लावली, डीएनएस बदलला, क्रॉनटॅबची ओळ टाकली. ती ओळ पहिल्यांदा चालली नाही, कारण मी फाइलचा पत्ता अर्धाच दिला होता. दुसऱ्यांदा चालली.

मग खरी परीक्षा. इन्व्हर्टरची वायर काढली, मेन स्विच पाडला, आणि समोर हॉटेलात शेवभाजी खायला गेलो. तासाभरानं येऊन स्विच वर केला आणि कशाला हात न लावता बसलो. चौथ्या मिनिटाला ग्लूटन हेल्दी. त्याच्यामागं क्यूबिट. मॅग्नेट लिंक टाकली, सिंगापूर. तारीख आजची.

मग जुना सेल मुद्दाम परत घातला आणि तेच केलं. मशीन दोन वर्षं मागं उठलं, नेट आलं तशी वेळ आपोआप सरळ झाली, ग्लूटन लागला. म्हणजे सेल मेला तरी आता गाडी अडत नाही. मग नवा घातला आणि झाकण लावलं. दुसरा सेल फ्रीजवर ठेवला होता तो बायकोनं भिंतीवरच्या घड्याळात घालून पाहिला, बसला नाही.

ताई, एकच राहिलं. क्यूबिटच्या तळाशी ते चिन्ह हिरवं होत नाही, 'फायरवॉल्ड' म्हणतं. डाउनलोड झकास आहे, अपलोड मात्र दिवसाला दोन-चारशे एमबी. मला द्यायचंय, घेणारा येत नाही.

---

तापीकाठची, शनिवार, संध्याकाळी 6:30

पालीची अंडी बाजूला ठेवली ना नीट?

अपलोडचं असं आहे, की बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचू शकत नाही. तुम्ही ज्यांच्याकडे आपण होऊन जाता, त्यांनाच देता येतं. साध्या लाइनवर हे होणारच होतं. राउटरमध्ये वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी 100.64 ते 100.127 यातला दिसत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, एका सार्वजनिक आयपीमागे अनेक घरं, आणि तुमच्या राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग नाही. व्हीपीएनमध्येही तेच, एका आयपीमागे शेकडो गिऱ्हाइकं. फरक एवढाच, की काही कंपन्या पोर्ट फॉरवर्डिंग देतात. प्रोटॉन देतं, त्यांच्या पैसेवाल्या योजनेत, आणि सगळ्या सर्व्हरवर नाही. मुलवाद आधी द्यायचं, त्यांनी 1 जुलै 2023 पासून बंद केलं. तुमची कंपनी देत असेल तर ग्लूटनमध्ये 'व्हीपीएन पोर्ट फॉरवर्डिंग' चालू करा. मिळालेला पोर्ट दर वेळी बदलू शकतो, तोच आकडा क्यूबिटच्या सेटिंगमध्ये पोचवावा लागतो. ग्लूटनला पोर्ट मिळाल्यावर एक आज्ञा चालवायची सोय आहे, तिच्यातून क्यूबिटला आकडा देता येतो. ते भाच्याकडून करून घ्या, त्यालाही काहीतरी उरू दे.

कंपनी देत नसेल तर वर्गणी संपेपर्यंत थांबा. तोवर दोन-चारशे एमबी काही कमी नाही. गर्दीच्या टॉरेंटला सीडर भरपूर असतात. मराठीच्या झिम फायलीला किती दिसतात तुम्हाला?

---

केळी_आणि_कीबोर्ड, शनिवार, रात्री 10:50

अंडी खोक्यात कापसावर ठेवलीत, पोरांनी हट्टच धरला.

आता पाहिलं. डेबियनच्या फाइलला सीडर हजाराच्या घरात. मराठी विकिपीडियाच्या झिमला माझ्यासकट चार. आपला वॅन आयपी 100.81 नं सुरू होतो, म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

वर्गणी श्रावणात संपते. तोवर डेबियनचं सीडिंग बंद केलं, सगळी रुंदी झिमला दिली. आत्ता कुणीतरी एक जण घेतोय, बारा केबीने. पहाटे पाण्याची पाळी आहे, तेव्हा शेतातून परत पाहीन.